बारा बोअरची काडतुसं घरी भरता येतात का?

गोदाकाठ:
मंडळी, मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे, गाव निफाडकडे. आजोबांची इंग्लिश दुनळी बारा बोअर आहे, लायसन आता माझ्या नावावर झालंय, पीक संरक्षणाचं. सध्या यूट्यूबवर अमेरिकेतले लोक रिकाम्या पुंगळ्या परत भरतात ते बघतोय, टेबलावर छोटा प्रेस, लिव्हर ओढली की जुनी टोपी (बुडाची प्रायमर, जिच्या ठिणगीने दारू पेटते) बाहेर, परत ओढली की नवी आत. मला ते मेकॅनिझम जाम आवडलंय आणि असा प्रेस मी स्वतः बनवू शकतो. काडतुसं महागच आहेत. आपल्याकडे कोणी करतं का? बंदुकीचं लायसन आहे म्हणजे चालेल ना?

ट्रॅपवाला_नाशिक:
भाऊ, प्रेस बनवायला अजिबात घेऊ नकोस. तुझं लायसन बंदूक बाळगायचं आणि त्यावर लिहिलीत तेवढी काडतुसं विकत घ्यायचं आहे, बनवायचं नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात कलम 5 खाली दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, आणि लोकांना माहीतच नसतं की त्याच कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची मशिनरीसुद्धा येते. म्हणजे काडतूस एकही न भरता नुसता प्रेस सापडला तरी तू अडकलास. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला किमान 7 वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत आहे. शंका असेल तर कलेक्टर ऑफिसला लेखी विचार (शहरात राहणाऱ्यांनी आयुक्तालयात), दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नको. आम्ही ट्रॅपला (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या फोडायचा खेळ) एका राउंडमध्ये 25 चकत्यांवर बार टाकतो, काडतुसं पाण्यासारखी जातात, तरी फॅक्टरीचीच घेतो.

सातपूरकर_ओहायो:
मी इकडे भरतो. इथे स्वतःपुरती भरायला परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. ट्रॅपवाल्यांचं तिकडच्यासाठी शंभर टक्के बरोबर आहे.

पण आवड का लागते ते सांगतो. टोपी, दारू, मग प्लॅस्टिकचा वॉड (दारू आणि छर्र्यांच्या मधला बोळा), वर छर्रे, आणि शेवटी तोंड दुमडायचं. त्या दुमडीलाच माझा सगळा वेळ जातो. आठ पाकळ्या मधोमध सपाट मिटल्या पाहिजेत, मध्ये भोक राहिलं तर छर्रे गळतात, फुगली तर आतला थर जास्त झालाय म्हणून ते बाजूला काढायचं. दारू, वॉड, टोपी यातलं एक जरी छापील तक्त्याबाहेर बदललं तर प्रेशर कुठच्या कुठे जातं. कमी पडलं तर वॉड नळीत अडकतो आणि पुढचा बार त्यावर बसला की नळी फाटते. पैसे वाचतात म्हणावं तर साध्या बारा बोअरमध्ये फार काही नाही, 28 किंवा 410 या लहान बोअरमध्ये खरे वाचतात.

गोदाकाठ:
धन्यवाद दोघांना, प्रेसचा विषय बंद केला. मग फॅक्टरीची बिनधास्त टाकू ना जुन्या दुनळीत?

सातपूरकर_ओहायो:
थांब, बिनधास्त नाही! जुन्या इंग्लिश बंदुकांची चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) बऱ्याचदा अडीच इंची म्हणजे 65 मिमी असते. बॉक्सवर 70 मिमी लिहिलेलं असतं ती उडाल्यानंतर उघडलेल्या पुंगळीची लांबी. न उडालेलं काडतूस दुमडीमुळे आखूड असतं, त्यामुळे 70 चं पण 65 मध्ये आरामात बसतं, बंदूक छान बंद होते, काहीच कळत नाही. बार झाला की दुमड उघडते, तिला जागा नसते, तोंड आवळतं आणि प्रेशर चढतं.

निफाडचा_बाळासाहेब:
गोदाकाठ, हे मनावर घे दादा. आमच्या भागात अशा जुन्या बंदुका खूप घरात आहेत आणि काडतूस बसतंय ना मग झालं असंच सगळे धरून चालतात. खडकीच्या फॅक्टरीची शक्तिमान काडतुसं घेतलीस तरी बॉक्सवरची लांबी वाचूनच घे. आणि पीक संरक्षणाचं लायसन म्हणजे डुकरावर बार टाकायची परवानगी नाही, त्याला वनखात्याची वेगळी लागते.

ट्रॅपवाला_नाशिक:
नळ्या उतरव आणि त्यांच्या खालच्या सपाट भागावर प्रूफचे (नळीच्या दाब-चाचणीचे) शिक्के बघ, तिथे चेंबरची लांबी ठोकलेली असू शकते. नसेल किंवा वाचता येत नसेल तर लायसनवाल्या गनस्मिथकडून गेजने मोजून घे, आणि तो नळ्यांना आतून खड्डे किंवा बाहेरून पोचे नाहीत तेही बघेल. तोपर्यंत एकही बार नको.

गोदाकाठ:
शिक्के आहेत, पण गंजाखाली 12 सोडून काही दिसत नाहीये. घासत बसत नाही, लायसन बरोबर घेऊन सरळ गनस्मिथकडेच जातो.