गाळ फक्त शेतांतला नाही

बेळगावच्या बळ्ळारी नाल्यातला गाळ शेतांतूनच येतो असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात वडगावकडे मी काचेच्या बाटलीत नाल्याचं पाणी भरलं. वाळू मिनिटभरात तळाला बसली. तांबडी चिकणमाती दुसऱ्या दिवशी सकाळीही पाण्यात तशीच होती. आणि पाणी सर्वांत गढूळ होतं ते पूर भरात यायच्या आधी! रस्त्यांवर, गटारांत, बांधकामांपाशी साचलेली माती पहिल्या लोंढ्यातच निघते. शिवाय डांबर-काँक्रीटवर पाणी मुरत नाही, लोंढा वाढतो आणि नाला स्वतःचेच काठ खातो. पुढे उतार कमी झाला की गाळ बसतो आमच्या भातात. कोवळी रोपं गाडली जातात हो. नुसता नाला उपसून भागणार नाही, आधी बांधकामांवरचे मातीचे ढीग झाकायला लावा.