‘१९४१’: इतके मातब्बर कलाकार असूनही विनोद का फसला?

धागाकर्ता:
‘जॉज’ आणि ‘क्लोज एन्काउंटर्स’ यांच्या लागोपाठच्या यशानंतर स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी १९७९ मध्ये ‘१९४१’ हा विनोदी चित्रपट केला. पर्ल हार्बरनंतर सहाच दिवसांनी, जपानी हल्ल्याच्या धास्तीने लॉस एंजेलिसमध्ये उडालेली तारांबळ हा त्याचा विषय. जॉन बेलुशी, डॅन ॲक्रॉइड, नेड बिटी, क्रिस्टोफर ली आणि चक्क जपानी अभिनेते तोशिरो मिफुने एकाच चित्रपटात आहेत, आणि पटकथा पुढे ‘बॅक टू द फ्युचर’ लिहिणाऱ्या झेमेकिस आणि गेल या जोडीची आहे. तरीही माझ्या मते हा चित्रपट फसला, कारण त्यातला जवळजवळ प्रत्येक जण सुरुवातीपासून टिपेच्या सुरात ओरडत असतो. शेवटी नेड बिटीचे घर कड्यावरून समुद्राकडे घसरते, तोवर पडद्यावर इतकी मोडतोड होऊन गेलेली असते की त्या घसरण्याचे काहीच वाटत नाही. मला मनापासून हसू आले ते एकाच ठिकाणी: बाहेर रस्त्यावर दंगल पेटलेली असताना रॉबर्ट स्टॅकचा जनरल चित्रपटगृहात बसून ‘डम्बो’ पाहत रडतो.

प्रतिसाद १:
असहमत. गोंधळ हाच जिथे विषय आहे, तिथे गोंधळ फार झाला अशी तक्रार कशी करता येईल? २४-२५ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विमानविरोधी तोफांनी खरोखरच चौदाशेहून अधिक गोळे आकाशात डागले होते आणि शत्रूचे एकही विमान तिथे नव्हते. शिवाय जिटरबग या वेगवान जोडीनृत्याच्या स्पर्धेतला पाठलाग पाहा. गर्दी, संगीत आणि कॅमेरा यांचा असा मेळ संगीतिकांतही क्वचितच जमतो. छायाचित्रण, ध्वनी आणि दृश्यपरिणाम यांसाठी या चित्रपटाला ऑस्करची नामांकने मिळाली, ती उगाच नव्हेत.

धागाकर्ता:
नृत्याचा प्रसंग उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. मात्र आपण दिलेले उदाहरण माझीच बाजू बळकट करते. त्या रात्रीची खरी गंमत शत्रू नव्हताच यात आहे; चित्रपटाने किनाऱ्यापाशी खरीखुरी पाणबुडी आणून उभी केली आणि नेड बिटीच्या अंगणातल्या तोफेला रीतसर लक्ष्य मिळवून दिले. भीती साधार ठरली की तिच्यावर हसायचे कसे?

प्रतिसाद २:
पाणबुडी लेखकांनी हवेतून काढलेली नाही. त्याच रात्रीच्या आदल्या दिवशी, २३ फेब्रुवारीला, एका जपानी पाणबुडीने सँटा बार्बराजवळच्या एलवूड तेलक्षेत्रावर गोळे डागले होते आणि शहर बिथरले ते त्यामुळेच. आणि सगळेच ओरडतात हेही खरे नाही. मिफुने पाणबुडीचा आपला कप्तान युद्धपटात असावा तशा गांभीर्याने साकारतो. होकायंत्र बिघडलेले, ‘हॉलीवूड’ कुठे आहे ते सापडत नाही, म्हणून हॉलिस वूड नावाच्या लाकूडतोड्याला पकडून आणतात आणि तो पठ्ठ्या खाऊच्या पुड्यातले खेळण्यातले होकायंत्रच गिळून टाकतो. ते बाहेर पडण्याची वाट पाहणारे गंभीर नौसैनिक हा अस्सल विनोद आहे.

धागाकर्ता:
मान्य, आणि म्हणूनच चडफड होते. मिफुने आणि पाणबुडीवरचा जर्मन अधिकारी झालेला ली समोरासमोर, एक जपानीत बोलतो, दुसरा जर्मनमध्ये, आणि तरी दोघांचे भांडण रंगते. असा ऐवज हाती असताना दिग्दर्शक दर थोड्या वेळाने वैमानिक झालेल्या बेलुशीच्या विमानाकडे का धावतो?

प्रतिसाद १:
कारण प्रेक्षक बेलुशीसाठी तिकीट काढून आला होता.