'ग्रो ऑन मी' नक्की कधी म्हणायचं?

प्रश्न: लंडनच्या टीममधली एकजण कॉलवर म्हणाली, "द न्यू लोगो इज ग्रोइंग ऑन मी". मला वाटलं वैतागलीय, तर म्हणे आवडायला लागलाय! मग सरळ 'लाईक' का नाही?

उत्तर: कारण आधी आवडला नव्हता ना. पहिल्यांदा नाक मुरडलं मग बघून बघून गोडी लागली, कारल्याच्या भाजीचं होतं तसं. आणि हो, कर्ता ती वस्तू असते, 'आय ग्रो ऑन द लोगो' म्हणू नका प्लीज.

दुसरं उत्तर: पहिल्या भेटीतच मनात भरलं तर 'टेक अ शाइन टू'. पाहुण्यांकडे न फिरकणारी मांजर एखाद्याच्याच मांडीवर जाऊन बसते ना, तिथे फिट्ट.

प्रश्नकर्ता: मेलो! काल बॉसच्या बायकोच्या केकला 'ग्रोइंग ऑन मी' म्हणून आलोय 😅