केबल खेचायची, ओढायची की सारायची?

लातूर (वायरमनचा वर्ग शिकवते)
मुलांसाठी मराठीत एक पान लिहितेय. विषय : जमिनीखालच्या अरुंद पाइपातून जाड आर्मर्ड केबल (धातूचं संरक्षक आवरण असलेली) कशी न्यायची. हाताशी एक छापील भाषांतर आहे, त्यात लिहिलंय, 'भूमिगत वाहिनीतून कवचित तार खेचावी.' वर्गात वाचून दाखवलं तर मुलं विचारतात, 'म्हणजे मॅडम, पाइपातून केबल वढायची ना?' बरोबर आहे त्यांचं. 'वाहिनी' म्हटलं की आपल्याकडे विजेची लाइनच डोळ्यापुढे येते, तिच्यात पुन्हा तार कशी घालणार? पाइपाला मी पाइपच लिहिणार आहे. पण 'खेचणे' आणि 'कवचित' यांचं काय करू? कामावरची माणसं काय म्हणतात ते सांगा.

नांदेड (केबल जॉइंटर)
मॅडम, 'खेचा' लिहू नका, ही कळकळीची विनंती.

खेचण्यात हिसका आहे. रस्सीखेच आठवा. ओढण्यात सलगपणा आहे. बैल गाडी ओढतो, विहिरीवर पाणी ओढतात. केबलला हिसका अजिबात सोसत नाही. एकदा थांबलेली केबल पुन्हा हलवायला चालत्या केबलपेक्षा जास्त जोर लागतो, आणि तिथंच माणसं झटका देतात.

एका कारखान्याच्या आवारात आम्ही ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) अॅल्युमिनियमची केबल ओढायलो होतो, ३ कोअर, म्हणजे आत तीन कंडक्टर, प्रत्येक ३०० चौ. मिमीचा. जमीन काळी. उन्हाळ्यात हातभर भेगा, पावसाळ्यात तीच माती फुगते. तिच्या हालण्यानं पाइपाचा एक सांधा सरकून आत ओठ तयार झाला होता. केबल तिथं अडली. दोर ओढणाऱ्या यंत्राजवळ, विंचजवळ, उभे असलेले साहेब 'खेच, खेच' ओरडत राहिले. केबल बाहेर आली तेव्हा वरचं पीव्हीसीचं आवरण लांबच लांब सोललेलं, आतल्या पोलादी पट्ट्या उघड्या. तो अख्खा तुकडा बाद झाला. ते सोललेलं पीव्हीसी अजून डोळ्यापुढून जात नाही.

मुलांना आकडेही द्या. कंडक्टरलाच पुलिंग आय (दोर अडकवायची कडी) बसवून ओढताना अॅल्युमिनियमवर दर चौ. मिमीला ३० न्यूटन, तांब्यावर ५० न्यूटन इतकाच ताण चालतो. म्हणजे वरच्या केबलच्या तिन्ही कंडक्टरना मिळून २७,००० न्यूटन, पावणेतीन टनांच्या आसपास. हे पुष्कळ वाटतं, पण वळण आलं की हिशेब फिरतो. घर्षणाचा गुणांक ०.३५ धरला तर एका काटकोनी वळणावर ताण साधारण पावणेदोन पट होतो, दोन वळणांवर तिप्पट. वळणापर्यंत जितका ताण साचलेला असेल तितक्याची ही पट. म्हणून केबल गुंडाळलेला ड्रम वळणाजवळच्या तोंडाशी लावायचा, वळण सुरुवातीलाच पार पडतं. पाइप तोच, केबल तीच. ओढायचं टोक बदललं की ताण बदलतो.

परभणी (निवृत्त शिक्षिका)
मला 'ओवणे' सुचतं. परकराच्या नेफ्यात नाडी ओवताना आधी पिनेला नाडी बांधायची, पिन पुढे सारायची, मग तिच्यामागून नाडी येते. तुमच्या कामातही आधी बारीक तार किंवा दोरी पाइपातून काढून घेत असणार, तिला जाड दोर बांधत असणार आणि दोराला केबल. मराठीत 'ओवी'चं नातंही 'ओवणे'शी लावतात, फार सुंदर क्रियापद आहे हे.

नांदेड
बाई, पद्धत अगदी तशीच आहे. पण मनगटापेक्षा जाड केबलला 'ओवा' म्हटलं तर गडी काम हलकं समजतील. तुमच्याच वाक्यात मला दुसरा शब्द सापडला : 'सारणे'. चुलीत लाकूड सारतात तसं. ड्रमजवळची माणसं केबल पाइपाच्या तोंडात सारतात आणि पलीकडची ओढतात. नुसतं 'ओढा' लिहिलं की ड्रमजवळच्यांना वाटतं आपलं काही काम नाही. तोंडाशी केबल सरळ सारली गेली नाही तर ती तिथल्या कडेवरच सोलते.

छत्रपती संभाजीनगर
'कवचित'ऐवजी 'चिलखती' लिहा. कवच कशाचंही असतं, शहाळ्याचंसुद्धा. चिलखत म्हटलं की धातू आला. फक्त ते दरवेळी पोलादाचंच असतं असं लिहू नका. एसी प्रवाहावरच्या सिंगल कोअर (एकाच कंडक्टरच्या) केबलला अॅल्युमिनियमचं देतात, कारण भोवती पोलाद असेल तर चुंबकीय क्षेत्रामुळे ते तापतं.

पाइपासाठी आमच्या गावचा 'नहर' सुचवणार होतो. मलिक अंबरनं १७व्या शतकात जमिनीखालून पाणी आणलं, त्या नहर-ए-अंबरीचा शब्द. पण नहर पाण्याचीच. तुमचा 'पाइप' बरोबर आहे.

लातूर
दादा, बाई, फार मोठं काम केलंत. पहिली ओळ आता अशी लिहिलीय : 'चिलखती केबल ड्रमकडून सारा, पलीकडून सावकाश ओढा, मध्ये थांबू नका.' दुसरी ओळ : 'पाण्यात मिसळणारं केबलचं वंगण लावा, गाडीचं ग्रीस नको, त्यानं पीव्हीसी मऊ पडतं.' 'वंगण' मुलांना लगेच कळलं, बैलगाडीच्या आसाचं म्हणून.

एकच राहिलं. दोर आणि केबल यांच्यामध्ये फिरती कडी लावतो, म्हणजे दोराचा पीळ केबलमध्ये उतरत नाही. तिला 'स्विव्हल'शिवाय शब्द आहे का?

हिंगोली
भवरकडी. जनावराच्या साखळीत असते. म्हैस खुंट्याभोवती फिरत राहिली तरी साखळीला पीळ बसत नाही.

लातूर
वर्गातल्या निम्म्या मुलांच्या गोठ्यात असेल ती. उद्या एकाला आणायला सांगते.