पेशंट सांभाळणाऱ्या बायांना प्रशिक्षण सक्तीचं हवं का?

खाडीकाठ, दापोली
गावोगाव हेच चित्र. मुलं मुंबईत, घरात अंथरुणाला खिळलेली आई आणि एजन्सीने धाडलेली बाई, जी मेपर्यंत आंबा पॅकिंगला होती. दर दोन तासांनी कूस बदलायची हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. मग माकडहाडावर जखम. अंथरूण ओलं होऊ नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी बंद, हात पलंगाला बांधलेले. हेतू काहीही असो, हा छळच. प्रशिक्षणाशिवाय बाई पाठवायला बंदी हवी.

रापणकर
घाला बंदी, म्हणजे आहेत त्याही बाया मिळायच्या नाहीत. एकटी बाई चोवीस तास, सुट्टी गणपतीत, तीही मिळाली तर. झोप न झालेलं माणूस खेकसणारच. आधी दिवसाची वेगळी, रात्रीची वेगळी बाई ठेवा.

सिस्टर, कुडाळ
रापणकरदादा, झोपेचं खरं आहे. पण सगळंच थकव्यावर ढकलू नका. स्मृतिभ्रंश झालेली आजी तिन्हीसांजेला कडी खडखडवते, स्वतःच्याच घरात "मला घरी जायचंय" म्हणते. बाईला वाटतं, मुद्दाम छळतेय. मग थप्पड. अशा वेळी वाद न घालता खळ्यात दोन फेऱ्या मारून आणायच्या, हे शिकवायला महिने लागत नाहीत. खरी अडचण पुढे आहे: दुसरी बाई मारताना दिसली तर सांगायचं कुणाला? एजन्सीला सांगितलं की हिचंच काम जातं. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन किती बायांना माहीत आहे?

काळा कोट
२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २४ ज्येष्ठाला टाकून देण्याबद्दल आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पेशंट दिव्यांग असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ७ जास्त कामाचं. छळाची माहिती कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे तहसीलदारासारख्या अधिकाऱ्याला, देऊ शकतो. प्रशिक्षणात हे घाला.

रापणकर
वकीलसाहेब, पोटासाठी परगावाहून आलेली बाई तहसीलदाराच्या दारात जाईल? आणि मुलांना कोण शिकवणार? चाकरमानी येतात, आईला चादर पांघरलेलीच बघतात, बाईला साडी देतात नि रात्रीची गाडी पकडतात. चादर उचलून टाचांवर जखम आहे का बघा म्हणावं.

खाडीकाठ, दापोली
बघू देत की. पण ते शिमग्याला आले की पुढचे गणपतीलाच. मधले महिने चादर उचलणारी ती बाईच ना? मग तिला शिकवायला तुमचा विरोध का, ते अजून कळलं नाही.