घरी बांधलेले हलके विमान : स्टॉलचा वेग कोणता धरावा आणि किती वेगाने उतरावे?

प्रश्न :
मी बांधलेल्या दोन आसनी विमानाच्या आराखड्यात, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची खाली झुकणारी पाती) पूर्ण उघडे असताना, स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंखांची उचल कोसळते तो वेग, ४० नॉट (तासाला ४० सागरी मैल) दिला आहे. सुरक्षेसाठी त्याच्या १.३ पट म्हणून मी ५२ नॉटने उतरायला येतो; पण फ्लेअरसाठी (चाके टेकण्याआधी नाक उचलून खाली येणे मंदावण्यासाठी) स्टिक, म्हणजे नियंत्रणाचा दांडा, मागे घेत थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमीजास्त करणारा दांडा) बंद केला की विमान एकदम खाली बसते आणि चाके आदळतात. ६० नॉटने आलो, तर ते धावपट्टीलगत लांबवर तरंगत राहते. दोष वेगात आहे की हाताळणीत?

उत्तर १ :
दोन्हींत असू शकतो, पण आधी हाताळणी पाहावी. इतक्या हलक्या विमानाच्या अंगात गती साठून राहत नाही. थ्रॉटल मिटताच हवेचा रोध ती काही क्षणांत खाऊन टाकतो. त्यामुळे फ्लेअर थोडा खालून सुरू करावा, त्या वेळी इंजिनाची किंचित ताकद ठेवावी आणि चाके जमिनीच्या अगदी जवळ आल्यावरच ती हळूहळू काढून घ्यावी. वेग वाढवणे हा यावरचा उपाय नव्हे, कारण ५२ ऐवजी ६० नॉट म्हणजे गतिज ऊर्जा जवळजवळ एकतृतीयांशाने जास्त, आणि ती सगळी धावपट्टीवरच जिरवावी लागते.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. आराखड्यातील आकडा ४०० किलो वजनासाठी आहे. माझे विमान उतरताना ४५० किलोच्या आसपास असते. याने फरक पडतो का?

उत्तर २ :
निश्चित पडतो. स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तुमचा आकडा ४० नसून सुमारे ४२.४ नॉट आहे आणि त्याची १.३ पट ५५ होते. शिवाय, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आराखड्यातील आकडा दुसऱ्याच्या विमानाचा असतो. पंखाच्या कडेची घडण थोडी वेगळी झाली तरी तो बदलतो. पुरेशा उंचीवर, सेकंदाला साधारण एक नॉट या बेताने वेग कमी करत, स्वतःच्या विमानाचा स्टॉल मोजावा. मात्र नाक वर असताना पिटॉट नळीत (वेग मोजण्यासाठी समोरून हवा घेणाऱ्या नळीत) हवा तिरकी शिरते आणि स्थिर दाबाची छिद्रेही चुकीचा दाब घेतात, त्यामुळे वेगदर्शक बऱ्याचदा प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो. काट्यावर ३६ दिसले म्हणून त्यालाच १.३ ने गुणले, तर ४७ नॉट हाती येतात आणि सुरक्षेची मोकळीक नकळत बरीच घटते. आधी वेगदर्शकाच्या आकड्याची दुरुस्ती, मग गुणाकार.

उत्तर ३ :
शेवटच्या वळणाचाही विचार करावा. उंची कायम राखून ४५ अंश कललेल्या वळणात स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो, तुमच्या ४२.४ चे तेथे ५० नॉट होतात, म्हणजे ५२ नॉटवर हाती जेमतेम दोन नॉट उरतात. कल ३० अंशांच्या आत ठेवावा, आणि धावपट्टीची मध्यरेषा ओलांडली गेल्यास रडर (शेपटीचे उभे सुकाणू) दाबून वळण आवळण्यापेक्षा ताकद देऊन पुन्हा फेरी घ्यावी.