स्टीमपंक वेश: गिअर लावलेत, रंग दिलाय, तरी सगळं खेळण्यातलं का दिसतं?

निळी_शाई
स्टीमपंक, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या वाफेच्या यंत्रांवर बेतलेल्या कल्पित शैलीतला पहिलाच वेश जमवणं चालू आहे. तपकिरी वेस्टकोट, उंच हॅट, हॅटवर गॉगल आणि डाव्या हातावर मनगटापासून कोपराखालपर्यंत येणारं कवच, असा बेत आहे. कवच ५ मिमी ईव्हीए फोमचं (मऊ, स्पंजासारख्या प्लॅस्टिकच्या शीटचं) केलंय, त्यावर सोनेरी स्प्रे मारलाय आणि मोडक्या घड्याळांतली चाकं ग्लू गननं चिकटवली आहेत. पण हात वळवला की रंगाला भेगा पडतात, चाकं गळतात आणि लांबूनही सगळं प्लॅस्टिकचंच वाटतं. धातूचा भास आणायचा कसा? की चामड्याला पर्यायच नाही?

आणखी एक मुळातला प्रश्न. या शैलीत माणसं इतकी गुंततात ती नेमकी कशामुळे? ते उमगलं तर वेशात काय ठेवायचं आणि काय काढायचं ते ठरवता येईल.

दातेरी
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करूया, बाकीचं त्यातूनच सुटतं.

‘स्टीमपंक’ हा शब्द के. डब्ल्यू. जेटर या लेखकाच्या पत्रातून आला. ते पत्र ‘लोकस’ मासिकात एप्रिल १९८७ मध्ये छापलं गेलं. ओढ मात्र त्याहून जुनी. आजच्या फोनचं झाकण उघडलं तरी आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही. वाफेच्या इंजिनात दट्ट्या सरकतो, दांडा ढकलला जातो, चाक फिरतं, आणि हे सगळं आपल्या समोर. गणितज्ञ चार्ल्स बॅबेजनं १८४७ ते १८४९ या काळात आखलेल्या ‘डिफरन्स इंजिन क्रमांक २’ या आकडेमोडीच्या यंत्राचा गणिती भाग लंडनच्या सायन्स म्युझियमनं १९९१ मध्ये बांधून पूर्ण केला. हँडल फिरवलं की बेरजेतला हातचा एका चाकावरून वरच्या चाकावर जाताना चक्क दिसतो. ‘हातचा’ डोळ्यांनी बघायला मिळणं, हीच या शैलीची खरी मोहिनी.

म्हणून कवचावरची चाकं चिकटवलेली दिसली की सगळा परिणाम जातो. आधी एक ठरवा: हा माणूस कोण? नकाशे काढणारा, बॉयलर सांभाळणारा, की घड्याळं दुरुस्त करणारा? मग प्रत्येक वस्तूला काम द्या. बॉयलरवाल्याच्या हातावर दाबमापक शोभेल, घड्याळजीच्या हातावर भिंग.

चाकांची मांडणी करताना एक गोष्ट हमखास चुकते. तीन चाकं त्रिकोणात एकमेकांना भिडवली की तिन्ही अडकतात. शेजारची दोन चाकं नेहमी उलट दिशांनी फिरतात. तिसऱ्याला दोघांच्याही उलट फिरायचं असतं, ते शक्यच नाही. यंत्र हाताळणाऱ्याची नजर तिथेच थांबते. चाकं ओळीत मांडा, प्रत्येकाच्या मधोमध आस दिसू द्या, आणि आस कशात तरी बसलेला दाखवा. सतरा सुटी चाकं विखरण्यापेक्षा नीट भिडलेली तीन पुरेत.

रंगाबद्दल थोडं. सगळंच तपकिरी असायला हवं असं अजिबात नाही. जुनी छायाचित्रं तपकिरी दिसतात, तो काळ तसा नव्हता. विल्यम पर्किनला १८५६ मध्ये कृत्रिम जांभळा रंग सापडला आणि त्यानंतर कपड्यांत भडक रंगांची लाटच आली. गडद जांभळा किंवा बाटलीसारखा हिरवा वेस्टकोट पितळेजवळ फार खुलतो.

रंगारी
भेगांचं कारण सरळ आहे. फोम वाकतो, साधा स्प्रे वाळून कडक होतो आणि वाकत नाही. शिवाय फोमची छिद्रं उघडी राहिली तर ती रंग पितात, त्यामुळे पृष्ठभाग खरबरीत राहतो. प्लॅस्टिकपणा बराचसा तिथूनच येतो.

हे कवच सुधारत बसू नका, नवीन कापा. कटरला नवं पातं लावा. बोथट पात्यानं कड फाटते. कापल्यावर हीट गन सतत हलती ठेवून फिरवा. पृष्ठभाग किंचित चकाकला की छिद्रं मिटली. एकाच जागी थांबलात तर फोड येतात. गरम असतानाच ते हातापेक्षा थोड्या बारीक बाटलीवर गुंडाळून गार होईपर्यंत धरा, गोलाई टिकते. मग लवचीक रबरी लेप, तीन ते चार पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर पुढचा. जाड एकच हात दिला तर ओघळ येतात आणि आतला थर ओला राहतो.

त्यावर काळा ॲक्रिलिक. काळं सुकल्यावर तांबूस कांस्य रंग, खाचा सोडून. शेवटी पितळी रंग, पण ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि फक्त उंचवट्यांवरून, कडांवरून हलकेच फिरवायचा. शुद्ध सोनेरी टाळा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्याच्या पिवळ्यात हिरवट झाक असते. तपकिरीचा एक थेंब मिसळला तरी सोनेरीचा भडकपणा उतरतो.

आता मळ. गडद तपकिरी ॲक्रिलिकमध्ये थोडा काळा घाला, भरपूर पाणी घालून चहाइतका पातळ करा. सगळीकडे लावा आणि मिनिटाभरात फडक्यानं पुसा. खाचांत, रिव्हेटांच्या बुडाशी राहतो तोच जुनेपणा. जिथे हात लागतो, म्हणजे बक्कल, कडा, झडपेची मूठ, तिथे उलट चमक ठेवा, कारण वापरानं पितळ उजळतं. सगळीकडे सारखा मळ फासला तर वस्तू जुनी दिसत नाही, घाण दिसते. वर सॅटिन व्हार्निश द्या. मॅटनं धातूची चमक मरते.

चाकं गळतात कारण ग्लू गनचा गोंद उन्हात मऊ होतो आणि गुळगुळीत धातूला धरतही नाही. चाकाची मागची बाजू खरकागदानं खरवडा. काँटॅक्ट ॲडहेसिव्ह दोन्ही पृष्ठभागांवर लावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा (साधारण ५ ते १० मिनिटं), मग दाबा. एकदा टेकवलं की सरकवता येत नाही, म्हणून जागा आधी पेन्सिलनं आखा. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत नको.

आरी_दोरा
चामड्याला पर्याय आहे, पण बक्कलांचे पट्टे तरी चामड्याचे करा. हात हलला की त्यांच्यावरच ताण येतो आणि डोळाही तिथेच जातो.

चामडं झाडांच्या सालींसारख्या वनस्पतिजन्य पदार्थांनी कमावलेलं घ्या, २ ते २.५ मिमी. क्रोमनं कमावलेलं मऊ असतं, त्यावर ठसा किंवा आकार टिकत नाही. ठसे उठवण्याआधी ओलं करा आणि मूळ रंग परतू लागेपर्यंत थांबा. फार ओल्यावर ठसा पसरतो, कोरड्यावर उठतच नाही. पाणी कोमट असावं. गरम पाण्यात चामडं आक्रसतं आणि लाकडासारखं होतं. पट्टा दुमडायच्या जागी रापीनं (चामडं तासायच्या पात्यानं) आतून पातळ करा, नाहीतर बक्कलपाशी गाठोडं होतं.

रिव्हेटची दांडी सगळ्या थरांच्या जाडीपेक्षा साधारण ३ मिमी लांब हवी. २.५ मिमीचे दोन थर म्हणजे ५, दांडी ८. जास्त लांब असली तर ठोकताना वाकते, आखूड असली तर टोपी धरत नाही.

हॅटवर वेल्डिंगचे गॉगल घेत असाल तर बऱ्याचशा गोल गॉगलांच्या काचा ५० मिमी व्यासाच्या असतात. मूळच्या इतक्या काळ्या असतात की घालून चालताच येत नाही. त्या काढून त्याच मापाचं पारदर्शक ॲक्रिलिक बसवा. इलास्टिक हॅटवरून घसरतं. हॅटच्या पट्टीवर दोन्ही कानांच्या वर एकेक नाडीचा फास शिवा आणि पट्टा त्यातून ओवा.

एक महत्त्वाचं. मोडकी घड्याळं उघडताना तबकडीवरचा किंवा काट्यांवरचा अंधारात चमकणारा रंग खरवडू नका. विसाव्या शतकात साधारण साठच्या दशकापर्यंत त्यात रेडियम वापरलं जाई. आता चमकत नाही म्हणजे निरुपद्रवी झालं, असं नाही: चमकणारा पदार्थ झिजतो, रेडियम निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. धूळ श्वासात जाणं हाच धोका. अशी तबकडी, काटे असलेलं घड्याळ उघडूच नका.

निळी_शाई
सगळ्यांचे मनापासून आभार. नवं कवच कापायला घेते. दोन चाकं खरोखर फिरती ठेवायची असतील तर?

दातेरी
घड्याळांतली चाकं त्यासाठी नकोत, वेगवेगळ्या घड्याळांचे दाते एकमेकांत बसत नाहीत. एकाच मॉड्यूलची, म्हणजे दात्यांचं माप सारखं असलेली दोन घ्या. मॉड्यूल १, दाते २० आणि ३० असले तर दोन आसांमधलं अंतर (२० + ३०) ÷ २, म्हणजे २५ मिमी. छिद्रं ०.२ मिमी जास्त अंतरावर पाडा, नाहीतर चाकं घासून जाम होतात. फोममध्ये आस डुगडुगतो, म्हणून मागे ३ मिमी ॲक्रिलिकची पट्टी हवी. एम३ (३ मिमी जाडीचा) स्क्रू आणि नायलॉनवाला नट वापरा. नट घट्ट आवळून मग पाव फेरा सैल करा. नायलॉनमुळे तो हलत नाही, आणि बोटानं लहान चाक फिरवलं की मोठंही फिरतं.